दुकान त्यांचे, वाट आमची

जिल्हा बैठकीपुढे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. भाव पडला, वीज तोडली, कारखान्याने बिल थकवले, बँकेची नोटीस आली. या खेपेला एक वेगळी तक्रार आली आहे, आणि ती घेऊन एकाच गावचे दोन गट आले आहेत. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. हमरस्ता ज्या ज्या शिवारातून गेला आहे, तिथे तिथे हे घडले आहे किंवा उद्या घडणार आहे. तेव्हा प्रत्येकाने आपल्याच गावचे नाव घालून वाचावे.

प्रकरण साधे आहे. हमरस्त्याला लागून एका शेतकऱ्याचा तुकडा होता. भाव चांगला आला, त्याने विकला. घेणाऱ्याने तिथे शॉपिंग सेंटरचा फलक लावला. खाली दुकाने, वर हॉटेल, पुढे मोटारी लावायला जागा. मोजणी झाली, कंपाउंडचे खांब रोवले गेले, आणि त्या खांबांच्या ओळीत मागच्या खातेदारांची गाडीवाट गेली. बापजाद्यांपासून ज्या वाटेने बैलगाडी गेली, खत गेले, ऊस बाहेर आला, त्या वाटेवर आता वॉचमन उभा आहे आणि विचारतो, ‘कुठे चाललात?’

मागचे शेतकरी म्हणतात, हे सेंटर होऊच द्यायचे नाही. रास्ता रोको करू. पुढचे, म्हणजे ज्यांच्या जमिनीला अजून गिऱ्हाईक यायचे आहे ते, म्हणतात, ‘आयुष्यात एकदा जमिनीला भाव आला आहे, तो बुडवू नका. शेतीने काय दिले ते सगळ्यांना माहीत आहे.’ दोघेही शेतकरी. दोघेही आपल्या बैठकीत एकाच सतरंजीवर बसणारे. बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल, असे करून चालणार नाही. विचार करून काय ते ठरवावे लागेल.

विकणाऱ्याने गुन्हा केला नाही

पहिली गोष्ट स्पष्ट करून टाकू. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याने काही पाप केलेले नाही. शेतमालाला भाव मिळू द्यायचा नाही आणि जमिनीला भाव मिळाला की ‘काळी आई विकली’ म्हणून त्याच्याच नावाने बोटे मोडायची, हा शहाजोगपणा शहरातल्या लोकांना शोभतो, आपल्याला नाही. आपल्या जमिनीत ज्वारी पेरायची, गोठा बांधायचा, की दुकान काढायचे, हे मालकाने ठरवावे. बिगरशेती परवानगीच्या कागदापायी आपल्यातल्या किती जणांच्या चपला झिजल्या! २०१४ पासून महसूल कायद्यात ४२-अ आणि पुढची कलमे आली, विकास आराखड्यातल्या आणि गावठाणालगतच्या जमिनींची ती कटकट काहीशी कमी झाली. ते बरेच झाले. सुटलेली बेडी आपणच पुन्हा मागून घ्यायची नाही.

शॉपिंग सेंटरही आपला शत्रू नाही. गावाशेजारी दुकाने आली तर भाजी, दूध, फळे यांना गिऱ्हाईक येते. पोरांना काम मिळते. २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक झाली. ती मोकळीक वापरायची तर माल विकायला जागा हवी आणि गिऱ्हाईक येईल असा रस्ता हवा. बाजार जवळ आला म्हणून ओरडणारा शेतकरी विरळाच.

मग भांडण कशाचे? वाटेचे.

विकले काय आणि गेले काय

विकणाऱ्याने विकली ती त्याची जमीन. पण त्या जमिनीवरून मागच्यांना जायचा जो हक्क होता, तो त्याचा नव्हताच. जे आपले नाही ते विकता येत नाही, आणि जे विकले गेले नाही ते घेणाऱ्याला मिळत नाही. खरेदीखतात वाटेचा उल्लेख नाही म्हणून वाट मिटत नाही.

इंग्रजांच्या वेळेपासूनचे गावनकाशे तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात आहेत. ते काढून पाहा. त्यावर एक तुटक रेघ असेल तर ती पायवाट. रुंदी सव्वाआठ फूट. दोन तुटक रेघा असतील तर ती गाडीवाट; रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. त्या रेघा कुणा पुढाऱ्याने मेहेरबानी म्हणून काढलेल्या नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांच्या गाड्यांची चाकोरी मोजणीदाराने कागदावर उतरवली, एवढेच. महसूल कायद्याच्या १६५व्या कलमाप्रमाणे गावचा वाजिब-उल-अर्ज असतो, त्यातही वाटेच्या आणि पाण्याच्या वहिवाटी नोंदवायच्या असतात. तो कागद आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे?

कागदावर रेघ नसली तरी सगळे संपत नाही. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा म्हणतो की वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वहिवाट चालली असेल तर ती हक्क होते. महसूल कायद्याच्या १४३व्या कलमाप्रमाणे शेजारच्या गटाच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतो, आणि तो करताना शेतात जायची कसणाऱ्याची गरज लक्षात घ्यावी, असे कलमातच लिहिले आहे. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करता येतो. पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. हे सहा महिने नीट ध्यानात ठेवा. आपली माणसे पहिले दोन महिने ‘बघू’ म्हणण्यात घालवतात, पुढचे दोन पुढाऱ्याच्या दारात, आणि उरलेले दोन ‘बिल्डर साहेब तोंडी हो म्हणालेत’ या भरवशावर. सातव्या महिन्यात तोंडी हो म्हणणारा साहेब फोन उचलत नाही. तोवर पाया खणलेला असतो, आणि बांधकाम उभे राहिले की कचेरीतला माणूस म्हणतो, ‘आता एवढा खर्च झाला, समजुतीने घ्या.’ समजुतीने घ्यायचे ते नेहमी मागच्यांनी.

दुसरी भिंत रस्त्यावर

कंपाउंडची भिंत डोळ्यांना दिसते. दुसरी भिंत हळूहळू उभी राहते आणि ती अधिक घातक असते.

शॉपिंग सेंटर उघडले की मोटारी वेग कमी करून आत वळू लागतात, बाहेर पडणाऱ्या मोटारी वाहत्या रस्त्यात घुसतात. आतली जागा भरली की साईडपट्टीवर मोटारी लागतात. समोरच्या बाजूने येणाऱ्याला आत यायचे असते, म्हणून तो दुभाजकाच्या फटीत उभा राहतो आणि मागे रांग लागते. दोन-चार अपघात होतात. मग रस्त्याचे खाते जागे होते आणि उपाय म्हणून दुभाजकाची ती फटच बंद करून टाकते. सेंटरच्या गिऱ्हाइकाला काय, पुढच्या पुलाखालून वळून तो पाच मिनिटांत परत येतो. त्याच्या मोटारीला गार हवा आहे. पण त्याच फटीतून रस्त्यापलीकडच्या आपल्या रानात जाणाऱ्या शेतकऱ्याचे काय? उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून तो ट्रॅक्टर कुठून फिरवणार? लांबचा वळसा घालायचा, नाही तर उलट्या बाजूने जीव मुठीत धरून चालवायचा. गळीत हंगामात अंधार लवकर पडतो, आणि तीच वेळ दुकानांच्या गर्दीची. ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो. सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते, ‘ट्रॅक्टरचालकाच्या चुकीने अपघात.’

रस्ता रुंद करताना जमीन कुणी दिली? याच शेतकऱ्याने. रस्ता जितका मोठा, तितके शेतकऱ्याचे दार त्यापासून लांब, असा हा उलटा न्याय झाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावर ट्रॅक्टरला, बैलगाडीला आणि दुचाकीला मज्जाव. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो २०२५ साली संपूर्ण खुला झाला. त्यालाही ठरलेल्या ठिकाणांखेरीज कुठून चढता येत नाही. वेगाच्या रस्त्याला बंदिस्ती लागते हे आम्हाला समजते. पण ज्याच्या रानाचे दोन तुकडे झाले त्याला पलीकडे जायला बोगदा किंवा मोरी देणे, हा त्या रस्त्याच्याच खर्चाचा भाग आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्याचे ३-जी कलम वाचा. जमीन तुटून पडल्याने होणाऱ्या नुकसानीचा विचार मोबदला ठरवताना करायचा आहे. वापराचा किंवा वहिवाटीचा हक्क घेतला गेला तर जमिनीच्या ठरलेल्या रकमेच्या १० टक्के रक्कम द्यायची आहे, आणि ती फक्त मालकाला नव्हे, ज्याच्या उपभोगाला बाधा आली त्यालाही. ही रक्कम मागितलेला शेतकरी आपल्या बैठकीत एक तरी आहे का?

परवानग्या भरपूर, विचारणा शून्य

शॉपिंग सेंटरवाल्याला परवानग्या कमी लागतात असे नाही. राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्यात रस्त्याच्या हद्दीपासून बांधकामाची रेषा ठरवायची तरतूद आहे. त्या पट्ट्यात बांधायला आणि रस्त्यावर उतरायचा मार्ग काढायला परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्गावर २००२ च्या कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची मंजुरी लागते. मात्र याच अधिसूचनेने इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. म्हणजे कागद दहा टेबलांवरून फिरतो, प्रत्येक टेबलावर थांबतो, आणि ज्याची वाट जाणार त्याच्या उंबऱ्यावर मात्र तो कधीच येत नाही.

यावर उपाय म्हणून अकरावे टेबल मागायचे का? आमचे मत स्पष्टपणे नाही असे आहे. ‘वाहतुकीला अडथळा’ हे शब्द साहेबाच्या हातात कोरा चेक म्हणून दिले तर तो पहिल्यांदा कुणावर वटवेल? सेंटरवाल्याचा वकील आहे, त्याचा वशिला आहे. वटवला जाईल तो रस्त्याकडेला उसाच्या रसाचे गुऱ्हाळ लावणाऱ्यावर, द्राक्षाच्या पेट्या मांडून बसणाऱ्या बाईवर, आणि आपल्याच बांधावर हॉटेल काढू पाहणाऱ्या आपल्या पोरावर. ‘बंद करा’ ही मागणी सोपी असते, पण ती फिरून आपल्याच दारात येते.

अमेरिकेतला एक खटला या बाबतीत उपयोगी आहे. ओरेगन राज्यातल्या टायगार्ड नावाच्या गावात नळ आणि विजेच्या सामानाचे एक दुकान होते. मालकिणीला ते मोठे करायचे होते, पुढे गाड्यांसाठी पक्की जागा करायची होती. नगरपालिकेने हिशेब मांडला की दुकान वाढल्यावर रोज ४३५ फेऱ्या वाढतील. तेव्हा पूरपट्ट्यातली जमीन सोड आणि शिवाय पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी १५ फुटांची पट्टी फुकट दे, तरच परवानगी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९४ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. न्यायालयाने असे ठरवले की दुकानामुळे जेवढा भार वाढतो, साधारण तेवढ्याच प्रमाणात दुकानदाराकडून मागावे, आणि ते प्रमाण दाखवायची जबाबदारी नगरपालिकेची. दुकानदार भार टाकतो तर त्याने तो उचलावा, पण वाहतुकीचे निमित्त करून सरकारने त्याला लुबाडू नये. आपण मागतो तो न्याय याहून वेगळा नाही. भार ज्याचा, खर्च त्याचा. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

पुढचा आणि मागचा

आता मुळावर येऊ. या गावात दोन गट का पडले? रस्त्याला लागलेल्या जमिनीला जो भाव आला त्यात मागच्याला काही नाही, उलट त्याची वाट गेल्याने त्याच्या जमिनीचा भाव पडला. पुढच्याने काही विशेष कष्ट केले म्हणून त्याच्या जमिनीचा भाव वाढला असे नाही. रस्ता त्याच्या बांधाजवळून गेला एवढेच. मागच्याचाही त्यात दोष नाही. नशिबाने पडलेली ही फट बिल्डरला बरोबर कळते. तो पुढचा तुकडा चढ्या भावाने घेतो, वाट कोंडतो, आणि मग कोंडलेला मागचा स्वतःच पडत्या भावात जमीन घेऊन त्याच्या दारात येतो. पुढच्या तुकड्याला जास्त दिलेले पैसे तो मागच्यांकडून असे वसूल करतो. भावाभावांत भांडण लागले तर त्याचे काम आणखीच स्वस्तात होते.

याला उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शेतकऱ्यांनी शोधले आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला तुकड्या-तुकड्याने न विकता एकत्र ठेवली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याला कंपनीचे भाग दिले. त्या जमिनीवर घरे, कचेऱ्या आणि पुढे मॉलही उभा राहिला. एकत्र आल्यावर वाट कुणाच्या तुकड्यातून जाते हे भांडणच उरत नाही, कारण रस्ता सगळ्यांचा आणि दुकानही सगळ्यांचे. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड गावच्या शेतकऱ्यांनीही हीच वाट धरली. तिथेही सगळे सुरळीत आहे असे म्हणणार नाही. मगरपट्ट्याच्या मॉलसमोर रस्त्यापलीकडे दुसरा मोठा मॉल उभा आहे आणि संध्याकाळी तिथून गेलेल्या माणसाला त्या रस्त्याची अवस्था विचारा. आतले रस्ते शेतकऱ्यांनी आखले, बाहेरचा मात्र कुणीच आखला नाही.

एवढी मोठी जमीन सगळीकडे एकत्र येणार नाही. पण लहान प्रमाणावर हेच काम करणारा कायदा जुना आहे. नगररचना योजनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला आणि आजच्या १९६६ च्या कायद्यातही ती तरतूद आहे. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, प्रत्येकाकडून प्रमाणात थोडी घेऊन रस्ते काढायचे, आणि प्रत्येकाला रस्त्याला लागलेला तुकडा परत द्यायचा. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा वळणरस्ता बव्हंशी अशाच योजनांतून झाला. यात सरकारी कचेरीवर अवलंबून राहावे लागते, वर्षे जातात, हे खरे. म्हणून आमचा भर आधी गावातल्या गावात लेखी करार करण्यावर आहे.

तर मग करायचे काय?

बैठकीपुढे पाच गोष्टी ठेवतो.

एक. पुढचा जमीन विकणार असेल तर त्याने खुशाल विकावी, पण खरेदीखतात मागची वाट, तिची रुंदी आणि गट क्रमांक लिहूनच. यात त्याचे नुकसान नाही. उद्या दावा लागला तर घेणारा त्यालाच पक्षकार करणार आहे.

दोन. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली केला आहे. निर्णय आपोआप उतरत नाही. प्रत्येक गावाने मागच्या खातेदारांचे अर्ज एकत्र करून, गावनकाशाची प्रत जोडून, तहसील कचेरीत पोच घेऊन द्यावेत.

तीन. सेंटरवाल्याला आपले सांगणे असे: बांध, पण वाट साडेसोळा फुटांपेक्षा कमी सोडायची नाही, आणि ती उसाची ट्रॉली वळेल अशी असली पाहिजे. तुझ्या मोटारींसाठी आतच जागा कर. रस्त्यावर उतरायला सर्व्हिस रोड लागत असेल तर त्याचा खर्च तुझा. गिऱ्हाईक तुझे आहे.

चार. रस्त्याच्या खात्याला सांगायचे की दुभाजकाची फट बंद करायच्या आधी ट्रॅक्टरला पलीकडे जायची सोय दाखवा. ती नसेल तर फट बंद करता येणार नाही. मोटारींच्या गर्दीचा दंड ट्रॅक्टरला नको.

पाच. रास्ता रोको हे शेवटचे हत्यार आहे. वाट मागणाऱ्याने दुसऱ्याची वाट अडवायची तर आधी तहसीलदाराचा अर्ज, त्याची पोच, आणि वर दिलेले सहा महिने यांचा हिशेब आपल्या खिशात पाहिजे.

ज्या गावातून ही तक्रार आली, तिथल्या दोन्ही गटांना जिल्हा बैठकीत एकाच वेळी बोलावले आहे. पुढच्यांना आम्ही विचारणार आहोत की तुमचे आजोबा याच वाटेने मागच्या रानात सावडीला जात होते की नाही. मागच्यांना विचारणार आहोत की रस्ता तुमच्या बांधाजवळून गेला असता तर तुम्ही विकली नसती का. दोघांनी खरी उत्तरे दिली तर अर्धे भांडण सतरंजीवरच मिटेल. उरलेले अर्धे ज्याच्याशी आहे त्याच्याशी मग सगळे मिळून करू.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या गावनकाशाची प्रत आणावी. भाषणे थोडी कमी करू. नकाशे सतरंजीवर पसरू आणि आपल्या तुटक रेघा कुठून कुठे जातात ते आधी आपण स्वतः पाहू. खांब रोवणाऱ्यांनी ते कधीच पाहून ठेवले आहे.